उभ्याने केलेले मांडे

दोंडाईच्याला राहणारा माझा शाळासोबती मुरलीधर शिरोडे, त्याच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधं होतं, एका कार्डावर मावलेलं. ‘यशवंता, या अखाजीला वहिनींनी दिवसभर मांडे केले असं कानावर आलं. गेल्या वर्षी तर त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. कोणतं औषध लागू पडलं ते कळव. आमच्या गोदावरीला कंबरेने फार छळलं आहे. फोन करू नकोस, मला आता ऐकू येत नाही.’

मी लगेच लिहायला बसलो होतो. ‘प्रिय मुरलीधर’ असं लिहिलं आणि पेन थांबलं. औषध असतं तर नाव लिहून मोकळा झालो असतो. जे झालं होतं ते कार्डावर मावणारं नव्हतं, आणि मोठा कागद घेतला तरी ते लिहिण्याची माझी छाती नव्हती. नगरपालिकेच्या वाचनालयात मी जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेलं सांभाळलं. स्वतः काही लिहायचं म्हटलं की हात आखडतो.

सुरुवात त्याच्या आदल्या वर्षीच्या अखाजीला झाली.

आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला अखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पितरांना आमरसाचा आणि पुरणाच्या मांड्यांचा नैवेद्य दाखवतात. मांडा म्हणजे लाटून केलेली पोळी नव्हे. पुरण भरलेली पारी हातावर घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवायची. मग ती चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. पातळ इतकी, की पलीकडचा माणूस दिसावा. चोपड्यात माझ्या बायकोसारखे, द्वारकेसारखे मांडे कोणी करत नसे. हे मी नवरा म्हणून सांगत नाही. माझी धाकटी भावजय सिंधूसुद्धा हे कबूल करायची, आणि ती सहसा काही कबूल करत नाही.

त्या दिवशी द्वारका अंगणात चुलीपुढे पाटावर बसली होती. उजवीकडे वळून परातीतली कणीक घ्यायची, डावीकडे वळून पुरण घ्यायचं, पुढे वाकून खापरावर मांडा टाकायचा. सकाळपासून तेच चाललं होतं. एक मांडा हातावर अर्धा पसरलेला असताना ती तशीच थांबली. मांडा राखेत पडला.

“काय व्हयनं वं बाई?” सिंधू धावली.

“काही नाही. उठता येत नाही एवढंच.”

मी, माझा धाकटा भाऊ आणि सिंधू, तिघांनी मिळून तिला उचललं. तिच्या ओठांचा रंग गेला होता, तरी ती सांगत होती, “आच कमी करा, खापर तडकेल.”

उरलेले मांडे सिंधूने केले. जाड होते, पण झाले. जेवणं उरकल्यावर हात पुसत ती द्वारकेच्या खाटेपाशी येऊन बसली.

“बाई, एक बोलू? राग नका मानू. पुढच्या वर्षी अखाजी आमच्याकडे करू. खापर मी घेऊन जाते.”

ते खापर माझ्या आईचं होतं. घरातली थोरली सून ज्या घरी, त्या घरी खापर आणि त्या घरी अखाजी, असा आमच्याकडे रिवाज. द्वारकेने भिंतीकडे तोंड केलं.

“पुढच्या अखाजीपर्यंत थांब,” ती म्हणाली. “तोवर मला नाही जमलं तर ने.”

“मी काय पळवून नेतेय का? तुमच्या काळजीनं म्हटलं.”

“माहीत आहे गं. म्हणूनच थांब म्हणते.”

त्यानंतर मी द्वारकेची सेवा सुरू केली, आणि तेच तिला भोवलं. वाचनालयातून कंबरेवरची असतील नसतील ती पुस्तकं घरी आणली. एकात लिहिलं होतं, कठीण फळीवर निजावं. मी गादी काढून फळी घातली. दुसऱ्यात लिहिलं होतं, वाकू नये. मी केरसुणी, बादली, विळी सगळं तिच्या नजरेआड केलं. गावातल्या डॉक्टरांनी कंबरेला पट्टा दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “या वयात बायकांच्या कंबरा दुखायच्याच. आराम द्या.” मी इतका आराम दिला, की पावसाळा संपेपर्यंत तिला न्हाणीघरापर्यंत जायलाही भिंतीचा आधार लागू लागला.

“अहो, मला जरा अंगणात नेता?”

“पुस्तकात लिहिलंय, दुखरा भाग हलवू नये.”

“पुस्तक लिहिणाऱ्याची कंबर दुखत होती का?”

याचं उत्तर मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नाही.

दिवाळीला आमची मुलगी उर्मिला नाशिकहून आली. आईला भिंत धरून चालताना पाहिलं आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता तिने रिक्षा बोलावली. बसस्थानकाजवळ नाझनीन तडवी नावाच्या फिजिओथेरपिस्टने नवीन दवाखाना काढला होता. तिथे आम्ही गेलो. बाई तरुण होत्या, माझ्या मुलीपेक्षाही लहान.

“कधीपासून दुखतं, आई?”

“अखाजीपासून,” मी म्हणालो. “म्हणजे तसं त्याआधीही बाळंतपणानंतर अधूनमधून...”

“काका, कंबर तुमची आहे का?”

उर्मिला खिडकीबाहेर बघून हसली.

मग द्वारका बोलू लागली आणि मला कळलं, की तिची कंबर उर्मिलेच्या जन्मापासून दुखत होती. मधली सगळी वर्षं ती त्याविषयी बोललीच नव्हती, कारण तिच्या आईचीही दुखायची, सासूचीही दुखायची, आणि त्या कोणी बोलल्या नव्हत्या.

तडवी मॅडमनी बरंच विचारलं. पायात मुंग्या येतात का, पाऊल लुळं पडतं का, लघवीला काही त्रास होतो का, ताप येतो का, वजन उतरलं का. मग पाय उचलायला लावले, चवड्यांवर आणि टाचांवर चालवलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली. गावातल्या डॉक्टरांनी काढून घेतलेला एक्स-रे मी पुढे केला.

“यात झीज लिहिलीय हो,” मी म्हणालो.

“आईंच्या केसांत पांढरं दिसतंय, तेही कोणी लिहून द्यायला हवं का?” त्या म्हणाल्या. “वयाप्रमाणे मणक्यात असं दिसतंच. ज्यांचं काही दुखत नाही त्यांच्याही फोटोत दिसतं. पायाची ताकद चांगली आहे, भीतीचं लक्षण एकही नाही. हाडांची तपासणी एकदा करून घ्या, पाळी गेल्यावर ती करावीच. पण आई, तुमची कंबर मोडलेली नाही. ती झोपून झोपून अशक्त झालीय.”

“मग पट्टा?”

“लांबच्या प्रवासाला वापरा. घरी काढून ठेवा. तुमच्या अंगात एक पट्टा आहे, पोटाचा आणि पाठीचा. त्याला कामाला लावू.”

आणि मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो गावातल्या डॉक्टरांनी विचारला नव्हता, उर्मिलेने विचारला नव्हता, आणि मी तर नाहीच.

“आई, बरं वाटल्यावर तुम्हाला काय करायचंय?”

द्वारका जराही थांबली नाही. “मांडे.”

मला वाटलं, आता या नाही म्हणतील. माझ्या सगळ्या पुस्तकांनी नाहीच म्हटलं असतं.

“माझी आजीसुद्धा करायची,” तडवी मॅडम म्हणाल्या. “अखाजीला अजून अवकाश आहे. करू या.”

त्या हिवाळ्यात आमच्या माजघराचा आखाडा झाला. द्वारका उताणी निजून गुडघे मोडून कंबर वर उचलायची. हातापायांवर उभी राहून मांजरासारखी पाठ फुगवायची आणि सोडायची. मग उजवा हात पुढे, डावा पाय मागे, तसंच स्थिर राहायचं. पहिल्या दिवशी ती कलंडली आणि हसत सुटली. कित्येक महिन्यांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. दुखलं की ती शेकायची, थोडं कमी करायची, पण सोडायची नाही. मॅडमनी सांगितलं होतं, “दुखलं म्हणजे बिघडलं असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटतं ते बघायचं.” आधी ती फाटकापर्यंत चालली, मग देवळापर्यंत, मग नदीच्या पुलापर्यंत. मी बरोबर जायचो आणि धापा टाकत मागे राहायचो. भरलेली बादली उचलताना कंबरेतून न वाकता गुडघे आणि खुबे मोडून खाली जायचं, बादली अंगाजवळ धरायची, हे ती शिकली आणि शेजारणींना दाखवू लागली.

राहिली होती ती चूल. खाली बसून, वळून, वाकून तासन्‌तास काम करणं अजून तिला सोसत नव्हतं.

“कामाला तुमच्यापर्यंत वर येऊ दे,” मॅडम म्हणाल्या. “चूल उचला. उभ्याने करा. परात आणि पुरण दोन्ही चुलीच्या बरोबरीने हाताशी ठेवा, म्हणजे वळायला नको. खापराचा माथा कोपराच्या जरा खाली यावा.”

उभ्याने मांडे! आमच्या सात पिढ्यांत कोणी केले नव्हते. पण यात मोजमाप होतं, विटा होत्या, कागदावर आकृती काढायची होती. ते माझं काम होतं. मी आकृती काढली, पुन्हा काढली, आणि भिका मिस्त्रीला बोलावलं.

“बाईंना भिंतीशी उभं करा,” तो म्हणाला.

द्वारका उभी राहिली. मी तिच्याशेजारी आकृती धरून उभा राहिलो. मिस्त्रीने तिच्या कोपराशी खूण केली.

“साहेब, तुमचं अन् बाईंचं कोपर एकाच रेषेत आहे.”

“आम्ही सारख्याच उंचीचे आहोत,” मी म्हणालो. लग्नाच्या फोटोतही तसंच दिसायचं.

कडुनिंबाखाली सुबक ओटा उभा राहिला. वर चूल, दोन्ही अंगांना परातींची जागा. फाल्गुनात द्वारकेने त्यावर सराव सुरू केला. पहिले काही दिवस बरे गेले. मग एकदा मी वर्तमानपत्र घेऊन तिच्याशेजारी उभा होतो, तिला सोबत म्हणून वाचून दाखवत होतो, आणि तिने हातातली पारी परातीत ठेवून दिली.

“काय झालं?”

“तेच. तिथंच.” तिने कंबरेवर हात ठेवला. “अहो, सिंधूला निरोप द्या. खापर घेऊन जा म्हणावं.”

“अजून महिना आहे, द्वारके.”

“व्यायाम केला, चालले, ओटा बांधला. आता आणखी काय करायचं राहिलं? उगाच अखाजीला सगळ्यांसमोर खाली बसायची वेळ येण्यापेक्षा आत्ताच दिलेलं बरं.”

मी निरोप दिला नाही. दुपारी एकटाच तडवी मॅडमकडे गेलो. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो, काय बोलायचं ते मनात जुळवत. ओटा मी बांधून घेतला होता. माझ्याच आकृतीत काही चुकलं असणार याची मला खात्री होती. आजवर मी हातात घेतलेल्या कामात काहीतरी चुकलेलंच असतं, असा माझा अनुभव.

“मी येऊन बघते,” मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी त्या आल्या. द्वारका फाटकाशी गाईला पोळी घालत होती. मॅडम तिच्याकडे बघत दाराशीच थांबल्या. मग मी बाहेर आलो आणि द्वारकेजवळ गेलो. मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या.

“काका, जरा आत जाता?”

मी आत गेलो.

“आता बाहेर या.”

मी बाहेर आलो.

“पुन्हा आत जा.”

“अहो मॅडम, पण हा व्यायाम तिचा आहे ना?” मी म्हणालो.

मॅडमना हसू आवरेना. “आई,” त्या द्वारकेला म्हणाल्या, “काका जवळ आले की तुम्ही खाली का जाता?”

“खाली? कुठे जाते?”

“हे बघा. आत्ताही. डावा गुडघा वाकवलात, एका पायावर भार दिलात, कंबर बाहेर काढून टेकवलीत. ते आत गेले की तुम्ही सरळ होता.”

द्वारकेने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाली.

“फोटोग्राफर,” ती पुटपुटली.

“कोण?”

“लग्नातला. मांडवात सगळ्यांसमोर म्हणाला होता, नवरीबाई, जरा गुडघ्यात वाका, नवरदेव झाकला जातोय. सगळे हसले. यांचं तोंड एवढंसं झालं होतं.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मग जावानणंदांत, लग्नकार्यांत, देवळात, यांच्याशेजारी उभी राहिले की आपोआपच... मला तरी कुठे माहीत होतं मी अजून तसं करते ते!”

मला तो फोटोग्राफर आठवला. हसणारी माणसं आठवली. फोटो छापून आल्यावर मी हरखून गेलो होतो, की काही कळत नाही, आम्ही सारखेच दिसतो. पुढे तेच खरं मानून बसलो, आणि इतकी वर्षं तो फोटो मी भिंतीवरून उतरू दिला नव्हता.

“कंबर एका कारणाने दुखत नाही,” मॅडम म्हणाल्या. “यानेच दुखली असं मी म्हणणार नाही. पण तासन्‌तास एका पायावर लोंबकळून काम केलं तर कुणाचीही कुरकुरेल. आणि ओट्याचं माप कोणी घेतलं?”

“मिस्त्रीने.”

“तेव्हा काका कुठे होते?”

“तिच्याशेजारी,” मी म्हणालो. “आकृती धरून.”

द्वारकेने तोंडावर हात धरला, पण हसू बाहेर सांडलंच. मग मॅडम, मग मी. आम्ही तिघं कडुनिंबाखाली इतके हसलो, की शेजारची शकू भिंतीवरून डोकावली.

दुसऱ्या दिवशी भिका मिस्त्री पुन्हा आला. या खेपेला मी स्वतःहून वाचनालयात जाऊन बसलो. परत आलो तेव्हा नवी खूण जुन्या खुणेच्या चार बोटं वर होती.

“साहेब,” मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, “बाई एका महिन्यात वाढल्या!”

“हो,” मी म्हणालो. “व्यायामाचा गुण.”

अखाजीच्या सकाळी माणसं जमली. सिंधू आली ती रिकामी मोठी टोपली घेऊनच, खापर न्यायला. ओटा बघून तिने हात कमरेवर ठेवले.

“हे काय वं बाई? मांडे करताय का डोशाची गाडी लावताय?”

बायका खिदळल्या.

“उभ्यानं केलेला नैवेद्य पितरांना पोचतो का, विचारलं का कोणाला?” दुसरी कोणी म्हणाली.

“पितरांना भूक लागलीय,” द्वारका म्हणाली. “मी कशी उभी आहे ते बघायला त्यांना वेळ नाही. उर्मिले, जाळ लाव.”

खापर तापलं. द्वारकेने पारी घेतली, पुरण भरलं, हातावर चढवलं. मी मुद्दाम लांब, झोक्याच्या दोराला धरून उभा होतो, जवळ गेलो तर ती खाली जाईल म्हणून. पहिला मांडा मनगटाशीच फाटला. सिंधूने टोपली या हातातून त्या हातात घेतली.

“पहिला गाईचा,” द्वारका म्हणाली आणि दुसरी पारी घेतली.

ती तळव्यावरून मनगटावर गेली, मनगटावरून पुढे सरकली. दोन्ही पाय जमिनीवर रोवलेले, पाठ ताठ, खांदे सैल. हात मात्र असे फिरत होते, की मांडा आपल्या मनानेच मोठा होत असावा. कोपरापर्यंत आला. उन्हात धरला तेव्हा त्यातून मला तिचा चेहरा दिसला. एका हेलकाव्यात तो खापरावर उतरला. सुरकुती नाही, छिद्र नाही.

“माय वं!” सिंधू म्हणाली. तिने टोपली खाली ठेवली.

मग थांबणं नव्हतं. मधून मधून द्वारका उर्मिलेच्या हाती चिमटा देऊन फाटकापर्यंत चालून यायची, पाठीला हात लावून मागे वाकायची, पुन्हा कामाला लागायची. “हे काय नवीन?” बायका विचारायच्या. “कंबरेला चहा पाजून आणते,” ती सांगायची. ऊन डोक्यावर आलं, आमरसाची पातेली रिकामी होत चालली, घड्या घातलेल्या मांड्यांची चळत वाढत होती. मी दर मांड्यागणिक तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, वेदना दिसते का म्हणून. तिथे घाम होता, पीठ होतं आणि एक अशी मग्नता होती, जी मी तिच्या तरुणपणीसुद्धा पाहिली नव्हती.

शेवटचा मांडा उतरला. सिंधू ओट्यापाशी गेली. तिने एक पारी हातात घेतली, खापराकडे हात नेऊन बघितला. खापर तिच्या जवळजवळ छातीशी येत होतं.

“मला हे उंच पडतं,” ती म्हणाली.

“पायाखाली पाट घे,” द्वारका म्हणाली. “नाहीतर तुझ्या मापाचा वेगळा बांधून घे. मिस्त्रीचा पत्ता देते. पण माप घेताना भाऊजींना बाहेर पाठव.”

“ते कशाला?”

“सांगेन कधीतरी.”

सिंधूने पाट आणला, त्यावर चढली आणि पारी हातावर फिरवू लागली. थोड्या वेळाने खाली न बघताच म्हणाली, “बाई, माझीपण दुखते बरं का. चार वर्षं झाली. कोणाला बोलले नाही.”

“ये उद्या,” द्वारका म्हणाली. “आधी मॅडमना दाखवू. मग मांजर शिकवते.”

रिकामी टोपली सिंधूने जाताना आंब्यांनी भरून नेली. खापर आमच्याच अंगणात राहिलं.

पण सगळे पांगायच्या आधी उर्मिलेने फोन काढला. “आईबाबा, ओट्यापुढे उभे राहा. सगळे मागे.”

मी द्वारकेच्या शेजारी गेलो. आणि मला जाणवलं, की दिवसभर ताठ उभी असलेली माझी बायको हळूच खाली चालली आहे. डावा गुडघा वाकला, कंबर कलली. तिचा खांदा माझ्या खांद्याच्या रेषेत येऊन थांबला. तिला कळलंही नव्हतं.

चार माणसांत मी कधी मोठ्याने बोललेलो नाही. वाचनालयाच्या वार्षिक सभेतही माझा अहवाल दुसरे वाचायचे. पण त्या वेळी माझा आवाज आला, आणि तो अख्ख्या अंगणाला ऐकू गेला.

“द्वारके, सरळ उभी राहा.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग ती उठली. हो, उभीच होती, तरी उठली असंच म्हणावं लागेल. गुडघा सरळ झाला, पाठ सरळ झाली, मान वर आली, आणि तिचा माथा माझ्या टोपीच्या वर गेला.

“अरे बापरे,” सिंधू माझ्याकडे बघून ओरडली, “जिभाऊ, तुम्ही एकदम धाकले झालात!”

“झालो नाही,” मी म्हणालो. “मी एवढाच होतो.”

हशा उसळला. मला वाटलं होतं, मांडवातल्यासारखं माझं तोंड एवढंसं होईल. झालं नाही. मी सगळ्यांत मोठ्याने हसत होतो, आणि उर्मिलेने नेमका तेव्हाच फोटो काढला.

आणि त्याच अखाजीची बातमी ऐकून मुरलीधरने विचारलं होतं, कोणतं औषध?

मुरलीधर सहा फुटी. शाळेत त्याने मला ठेवलेलं नाव मी इथे लिहिणार नाही. अंगणातल्या माणसांपुढे मी जे हसत हसत बोललो, ते त्याला शाईने लिहून पाठवायला मन धजेना. व्यायामांची नावं लिहावीत, तर मी डॉक्टर नव्हे. म्हणून कार्ड कपाटात राहिलं, आणि त्याला आता काही वर्षं लोटली.

गेल्या आठवड्यात द्वारका एका लग्नासाठी दोंडाईच्याला जाऊन आली. आली ती चपला न काढताच बोलू लागली.

“गोदावरीवहिनी अजून फळीवर झोपलेल्या आहेत. पट्ट्यासकट. मुरलीधरभाऊजी म्हणाले, यशवंताला लिहिलं होतं, त्याने काही कळवलं नाही.”

मी पुस्तकात तोंड घातलं.

“अहो, पुस्तकात बघू नका. माझ्याकडे बघा. का नाही लिहिलंत?”

“काय लिहू? तिच्या कंबरेचं मला काय माहीत?”

“माझ्या कंबरेचं तरी कुठे माहीत होतं!”

मी कागद घेतला. मॅडमनी विचारलेले प्रश्न लिहिले आणि बजावलं, की पायाला बधिरपणा असेल किंवा लघवीवर ताबा नसेल तर आजच मोठ्या दवाखान्यात ने. तसं काही नसेल तर गोदावरीला फळीवरून उठव, नीट तपासून व्यायाम शिकवणाऱ्या माणसाकडे ने, आणि तिच्या वतीने तू बोलू नकोस. तिला काय करायचं आहे ते तिला विचार. मग द्वारकेच्या पुढ्यात कागद धरला.

तिने वाचला. “चार बोटांचं लिहिलं नाहीत.”

“त्याचा गोदावरीशी काय संबंध?”

“भाऊजींशी आहे,” ती म्हणाली. “त्यांनासुद्धा वाटत असेल, त्यांच्या घरात सगळं त्यांना दिसतं.”

मी खाली लिहिलं, ‘ता. क. द्वारका माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे. लग्नाला चाळीस वर्षं होत आली तेव्हा मला ते समजलं. ज्या दिवशी समजलं त्या दिवसापासून ती बरी होत गेली, असं डॉक्टर म्हणणार नाहीत. मी म्हणतो. आणि हो, तू शाळेत मला जे म्हणायचास ते खरंच होतं.’

तिने पुन्हा वाचलं, पाकिटाला डिंक लावला आणि पदर खोचला. पोस्टापर्यंत आम्ही भर बाजारातून चालत गेलो, ती ताठ मानेने पुढे, मी दोन पावलं मागे. वाण्याने दुकानातून हाक मारली, “काय कोठावदे काका, घाई कसली?”

“पत्र टाकायचंय,” मी ओरडून सांगितलं आणि पेटीत टाकलं.